लुआची कोरुटीन्स, कळमन्याचं कोल्ड स्टोरेज आणि आठ महिने

मागच्या ऑक्टोबरात आंबिया बहराची संत्री बाजारात उतरायला लागली, त्याच आठवड्यात नागपुरात कळमन्याकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी तापमानाची नोंद ठेवणारा सेटअप बसवला. परवा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, संपला. बाहेर पंचेचाळीस, आत सहा-सात अंश, आणि प्रोग्राम चालू आहे. म्हटलं, आता लिहायला हरकत नाही.

सहा चेंबर, प्रत्येकात चार सेन्सर. एका चेंबरचे चारही सेन्सर दोन तारांच्या एकाच लाइनीवर, म्हणजे आरएस-४८५ या वायरिंगवर मॉडबस ही सवाल-जवाबाची भाषा. प्रत्येक लाइनीला लॅनचा एक कन्व्हर्टर, आणि ऑपरेटरच्या केबिनमध्ये रास्पबेरी पाय नावाचा एक जुना, छोटा कॉम्प्युटर. त्यावर लुआ ५.४ ही प्रोग्रामिंगची भाषा आणि नेटवर्कशी बोलायची तिची लायब्ररी लुआसॉकेट, बस. प्रत्येक सेन्सरला एक कोरुटीन (मधेच स्वतःहून थांबून, म्हणजे यील्ड करून, दुसऱ्याला वाट देणारं आणि रिझ्यूम केलं की तिथूनच पुढे चालणारं काम), शिवाय दारं, एसएमएस आणि फाइल लिहिणं यांची वेगळी. थ्रेड, म्हणजे सिस्टिम हवं तेव्हा मधेच थांबवते असं काम, एकही नाही.

लुआच का? १९९३ साली रिओ द जानेरोच्या विद्यापीठात जन्मलेली ही छोटी भाषा, कोरुटीन तिच्यात २००३ पासून, ५.० सोबत आलं. त्याआधीचं असंच एक काम मी पायथन भाषेच्या असिंक-अवेटमध्ये, म्हणजे थांबू शकणाऱ्या फंक्शनवर तशी खूण लावायच्या पद्धतीत, केलं होतं. तिथे खोलवरच्या एका फंक्शनला थांबायचं असेल तर त्याला असिंक लावा, मग त्याला बोलावणाऱ्याला लावा, मग त्याच्याही वरच्याला. अर्धा दिवस तेच. लुआत कोरुटीनला स्वतःचा पूर्ण स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची साखळी, असतो. चार फंक्शनं आत शिरून यील्ड म्हणा, अख्खी साखळी तिथल्या तिथे गोठते आणि रिझ्यूम केल्यावर तिथूनच पुढे सरकते. माझं 'सेन्सर वाच' हे फंक्शन सरळ वाचता येतं: विचारा, उत्तराची वाट पाहा, तपासा, परत द्या. वाट पाहण्यात यील्ड लपलंय हे वरच्या कोणाला कळायची गरजही नाही. या एका गोष्टीसाठी मी लुआला बाकीचं बरंच माफ करतो.

शेड्युलर, म्हणजे कोणाला केव्हा चालवायचं ते ठरवणारा, मात्र भाषेसोबत मिळत नाही, तो आपणच लिहायचा. माझा साठेक ओळींचा आहे. यील्ड करताना प्रत्येक काम कारण सांगतं: 'मला पाच सेकंदांनी उठव' किंवा 'या सॉकेटवर (नेटवर्कच्या जोडणीवर) काही आलं की उठव'. शेड्युलर सगळे सॉकेट सिलेक्टला (कोणत्या सॉकेटवर काही आलं ते सांगणाऱ्या फंक्शनला) देतो, सगळ्यात जवळची वेळ टाइमआउट म्हणून लावतो आणि जो तयार असेल त्याला रिझ्यूम करतो.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात एकच नळ होता. आपलं गुंड (पाण्याचं भांडं) भरलं की बाजूला व्हायचं. दुसऱ्याचं अर्धं भरलेलं गुंड कोणी ओढायचं नाही. कोणी ड्रम आणून लावला की सगळ्यांची सकाळ गेली. को-ऑपरेटिव्ह मल्टिटास्किंग अगदी हेच. ज्यांनी विंडोज ३.१ वापरलंय त्यांनी तो ड्रम पाहिलेला आहे.

आता रडगाणं.

नोव्हेंबरात एकदा ऑपरेटरचा फोन. "भाऊ, चार नंबर तीन दिवसांपासून एकच दाखवून राहिला. सहा पॉइंट आठ. हलूनच नाही राहिला." जाऊन पाहिलं तर एका सेन्सरची तार ढिली. त्याने अर्धंच उत्तर पाठवलं, माझ्या सीआरसीच्या, म्हणजे उत्तर नीट आलंय का ते पडताळणाऱ्या, फंक्शनला एका बाइटच्या जागी निल (लुआतलं 'काहीच नाही') मिळालं, एरर आली आणि ते कोरुटीन मेलं. पण लुआत कोरुटीनच्या आतली एरर बाहेर फुटत नाही. रिझ्यूम फक्त 'फॉल्स' आणि एररचा मजकूर हातात ठेवतो आणि गप्प बसतो. मी तो परत आलेला फॉल्स पाहतच नव्हतो. बाकीची तेवीस कोरुटीन्स मजेत, आणि स्क्रीनवर चार नंबरचा शेवटचा आकडा तीन दिवस तसाच. थ्रेड असते तर निदान कुठेतरी काहीतरी आपटल्याचा आवाज झाला असता. माल वाचला, कारण ऑपरेटर रोज हाताने थर्मामीटर बघतो. तो त्या स्क्रीनवर कधीच पूर्ण विसंबला नव्हता, आणि बरोबर होता.

दुरुस्ती तीन ओळींची: रिझ्यूमचं पहिलं उत्तर फॉल्स आलं की डीबग.ट्रेसबॅकला ते मेलेलं कोरुटीनच द्यायचं. त्याचा स्टॅक अजून शाबूत असतो, त्यामुळे नेमकी कोणती ओळ ते कळतं. मग पाच सेकंदांनी नवं कोरुटीन सुरू. आणि स्क्रीनवर प्रत्येक आकड्याशेजारी तो किती जुना आहे तेही.

पण स्टॅक शाबूत राहतो याचा दुसरा अर्थ मला जानेवारीत कळला. त्यासाठी आधी लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाची, गोष्ट सांगायला हवी. 'इथे मधेच कोणी घुसत नाही, म्हणून लॉक लागत नाही' हे सगळीकडे वाचायला मिळतं, आणि ते अर्धंच खरं आहे. दोन यील्डच्या मधे कोणी घुसत नाही, पण यील्डवर सगळेच घुसू शकतात. ९६०० बॉडच्या वेगाने आठ बाइटांचा प्रश्न जायला नऊ मिलिसेकंद, मग सेन्सर विचार करणार, मग उत्तर. तेवढ्या वेळात माझं पहिलं कोरुटीन यील्ड करून बसलेलं, आणि त्याच लाइनीवरचं दुसरं उठून आपला प्रश्न टाकतंय. दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळली, सीआरसी चुकला. दिवसातून दहा-बाराच वेळा, म्हणून पकडायला आठवडा गेला.

मग प्रत्येक लाइनीला एक लॉक लावला. तो लिहायला सोपा, साधं ट्रू-फॉल्स आणि एक रांग, कारण तपासणं आणि पकडणं यांच्यामधे यील्डच नाही. सुटायचं विसरू नये म्हणून ५.४ मधलं नवं 'क्लोज' लावलेलं व्हेरिएबल वापरलं: ब्लॉक संपला की लॉक आपोआप सुटतो. एरर आली तरी सुटेल, असं मी धरून चाललो. नाही सुटला. कोरुटीन एररने मेलं तर त्याचा स्टॅक उलगडत नाही, म्हणून ती व्हेरिएबल्सही बंद होत नाहीत. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं. मेलेल्या कोरुटीनवर कोरुटीन.क्लोज स्वतः म्हणावं लागतं. तोवर एका सेन्सरच्या एररने अख्ख्या चेंबरची लाइन कुलूपबंद. क्रम लक्षात ठेवा, आधी ट्रेसबॅक आणि नंतर क्लोज. उलटं केलंत तर ट्रेसबॅकमध्ये काही उरत नाही. (कोरुटीन.रॅपने बनवलेलं कोरुटीन असेल तर एरर आल्यावर ते स्वतःच बंद होतं आणि एरर वरही फेकतं. लहान कामांना मी आता तेच वापरतो.)

सगळ्यात चीड आणणारा ड्रम निघाला डीएनएसचा. लुआसॉकेटला टाइमआउट शून्य द्या, वाचणं-लिहिणं अडकून बसत नाही, पण नावावरून सर्व्हरचा पत्ता (आयपी) शोधणं, म्हणजेच डीएनएस, अडकून बसतंच. एप्रिलमध्ये दुपारी नेट गेलं, एसएमएसचं कोरुटीन सर्व्हरचं नाव शोधत बसलं, आणि तेवढा वेळ चोवीसही सेन्सर मुके. यावर भाषेत इलाज नाही. एसएमएस आता वेगळ्या प्रोसेसमध्ये आहे. मुख्य प्रोग्राम फक्त फाइलमध्ये निरोप टाकतो.

घड्याळाचंही सांगून टाकतो. या रास्पबेरी पायला स्वतःचं घड्याळ नाही. लाइट जाऊन आली की तो जुन्याच वेळेपासून सुरू होतो आणि नेट मिळालं की एकदम चाळीस मिनिटं पुढे उडी. लुआसॉकेटचं गेटटाइम तीच वेळ देतं. एका झटक्यात झोपलेले सगळे उठले, आणि नुकतंच उघडलेलं दार 'चाळीस मिनिटं उघडं' म्हणून मालकांना पहाटे मेसेज गेला. आता मी मशीन किती सेकंदांपासून चालू आहे तो आकडा लिनक्सकडून घेतो.

बाकी तक्रार नाही. मेमरी जेमतेम, सीपीयू झोपलेला. अजून ५.१ वर असाल तर पीकॉलच्या (एरर पकडणाऱ्या फंक्शनच्या) आतून यील्ड करता येत नाही, ५.२ पासून येतं, टेबल.सॉर्टच्या तुलनेच्या फंक्शनमधून मात्र अजूनही नाही. आणि आकडेमोडीचं जड काम असेल तर कोरुटीनच्या वाटेला जाऊ नका, चार कोअर असले तरी चालतो एकच.

मालकांनी मिरचीसाठी आणखी दोन चेंबर काढलेत. यादीत आठ ओळी वाढतील. कन्व्हर्टरची ऑर्डर दिलीय, ऑपरेटर रोज विचारतो, "काऊन भाऊ, आले का?" अजून आले नाहीत.