अवॉर्डवाला पिक्चर की सगळे जातायत तो? सोलापुरात एकच तिकीट काढायचं असेल तर

शुक्रवार जवळ आला की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो : "ताई, तो अवॉर्डवाला बघू, का सगळे जातायत तो?" मी पेशानं समीक्षक नाही, पण बरीच वर्षं दोन्ही प्रकारचे सिनेमे मन लावून बघते आणि त्यांच्यावर लिहिते. माझं उत्तर बऱ्याच जणांना उलटं वाटतं. एकटे किंवा दोघं जाणार असाल आणि पैसे एकाच तिकिटाचे असतील, तर ते छोट्या, स्वतंत्र सिनेमाला द्या. मोठा सिनेमा घरी बघितला तरी बराचसा हाती लागतो. छोटा मात्र टीव्हीवर निम्मा होतो आणि मोबाइलवर जवळजवळ संपतो.

बहुतेक लोक याच्या बरोबर विरुद्ध वागतात. ज्यात गाणी नाहीत, मारामारी नाही, ओळखीचा नट नाही, त्याला कशाला मोठा पडदा, असा त्यांचा हिशेब असतो. तो का चुकतो ते सांगते.

त्याआधी एक गोष्ट. या दोन प्रकारांमध्ये भिंत आहे असं आपण समजतो, आणि ती भिंत सगळ्यात ठळकपणे पाडली ती आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला थिएटरात आला. पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट सिनेमाचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला. तो आधी बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता आणि इथं आल्यावर त्यानं मराठी सिनेमानं तोवर न पाहिलेला गल्ला केला. माती तीच, जातीचा प्रश्न तोच, नायिकाही अकलूजची. पूर्वार्धात गाणी, शिट्ट्या, पडद्यासमोर नाचणारी पोरं. उत्तरार्धात जोडपं हैदराबादला पोचलं की गाणी थांबतात, आणि शेवटी तर आवाजच उरत नाही. एकाच तिकिटात मुख्य धारेचा सिनेमा आणि स्वतंत्र सिनेमा, दोन्ही. म्हणून 'अवॉर्ड मिळालंय म्हणजे कंटाळवाणा' किंवा 'गर्दी आहे म्हणजे उथळ' असं कुणी म्हणालं की मी करमाळ्याकडे बोट दाखवते.

आता मोठ्या पडद्याचा मुद्दा. त्यातही खरा मुद्दा पडद्याचा नाही, कानाचा आहे.

'फँड्री'तला राष्ट्रगीताचा प्रसंग आठवा. सिनेमाचा शाळकरी नायक जब्या, त्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, शाळेची पोरं बघून हसतायत, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी थांबतात. डुक्कर तेवढं मोकळं फिरतं. आपल्याकडे थिएटरात पिक्चर सुरू होण्याआधी राष्ट्रगीत लागतं आणि आपण उभे राहतो. म्हणजे 'फँड्री' थिएटरात बघणारा माणूस थोड्याच वेळापूर्वी स्वतः तसाच ताठ उभा राहिलेला असतो. पडद्यावर तेच सूर लागतात तेव्हा हॉलमध्ये चुळबुळ होते. उभं राहावं का? हसावं का? आपण त्या पोरांमधले की त्या कुटुंबातले? घरी सोफ्यावर हा प्रसंग नुसता चांगला वाटतो. थिएटरात तो आपल्या अंगावर येतो. हे एका प्रसंगापुरतं नाही. स्वतंत्र सिनेमाचा दिग्दर्शक शांततेवर काम करतो, आणि आपल्या घरांमध्ये शांतता नसते. कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही, पेठेतल्या घरात असाल तर यंत्रमागाची खडखड.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात दोन पुरस्कार, मग राष्ट्रीय सुवर्णकमळ, एप्रिल २०१५ मध्ये थिएटरात. गटारात मेलेल्या कामगाराला आत्महत्येसाठी चिथावल्याचा आरोप एका लोकशाहिरावर येतो आणि खटला तारखांवर तारखा घेत राहतो. कॅमेरा बहुतेक वेळ हलत नाही. ज्यानं कोर्टाच्या आवारात तारखेची वाट पाहत दिवस घालवलाय, त्याला हे चित्रण किती खरं आहे ते सांगावं लागत नाही. पण माझ्या मते सिनेमाची ताकद कोर्टाबाहेर आहे. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली सरकारी वकील दिवसभर शाहिराविरुद्ध युक्तिवाद करते, मग वाटेत मुलाला घेते, घरी येऊन स्वयंपाक करते. ती दुष्ट नाही, आपल्या नात्यातलीच वाटते, आणि भीती तिथं आहे. हे उमगायला त्या न हलणाऱ्या चित्रांकडे बघत बसावं लागतं. घरी कुणीही बसत नाही. 'पुढं काय होतंय बघू' म्हणून बोट पुढे सरकवलं जातं, आणि पुढं काही 'होत' नसतं. जे असतं ते त्या थांबण्यातच असतं.

त्याच ताम्हाणेंचा 'द डिसायपल' २०२१ मध्ये सरळ नेटफ्लिक्सवर आला. शास्त्रीय संगीताचा सिनेमा, तानपुऱ्याच्या सुरावर उभा. तो घरीच बघायचा तर रात्री, दिवे मालवून, चांगला हेडफोन लावून बघा. त्याहून कमी काही करणार असाल तर राहू द्या.

मुख्य धारेचा सिनेमा वेगळ्या कारागिरीनं बांधलेला असतो. 'पावनखिंड' या शिवकालीन सिनेमात कोणत्या क्षणी छाती भरून यावी ते पार्श्वसंगीत आधीच सांगतं. संवाद मुद्दा दोनदा सांगतो, चेहरा तिसऱ्यांदा. मला हे जास्त वाटतं, पण ते अडाणीपणातून आलेलं नाही. लहान पोर मांडीवर, आजी शेजारी, मागे कुणी खातंय, मध्येच एकजण बाहेर जाऊन येतोय, अशा प्रेक्षागृहासाठी ते बांधलंय. पाणी प्यायला उठून आलात तरी धागा सुटत नाही. नेमकी हीच सोय घरीही उपयोगी पडते. म्हणून मी म्हणते की मोठा सिनेमा थांबू शकतो.

याला अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. जो सिनेमा गर्दीशिवाय पुरा होत नाही, तो गर्दीतच बघावा. ३० जून २०२३ ला आलेला केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' मी सिनेमा म्हणून साधारण मानते. सहा बहिणींची दुखणी एका मंगळागौरीच्या स्पर्धेत फार चटकन मिटतात. पण बायका नटूनथटून, गटागटानं, सासू-सून मिळून थिएटरात गेल्या. रजोनिवृत्तीबद्दल पडद्यावर उघड बोललेलं त्यांनी एकत्र बसून ऐकलं. घरातल्या टीव्हीसमोर, सासरे आणि मुलं बसलेली असताना, तो मोकळेपणा तयार होत नाही. स्वतंत्र सिनेमावाल्यांनी हे मान्य करायला हवं : इतक्या बायकांना त्यांच्या विषयावर थिएटरात आणणं त्यांना अजून जमलेलं नाही.

स्वतंत्र सिनेमाचा दुसरा दोषही सांगते. काही दिग्दर्शक संथपणालाच खोली समजतात. माणूस चालत जातो, चालत जातो, फ्रेमबाहेर जातो, आणि रिकामी वाट आपण बघत बसतो. कारण असेल तर ती वाट बोलते, नसेल तर नुसती लांबण. गरिबीसुद्धा कधी कधी परक्या परीक्षकांना दाखवायला मांडलेली वाटते. पहिल्या वीस मिनिटांत एकाही माणसाची काळजी वाटायला लागली नाही, तर पुरस्कारांची यादी कितीही लांब असो, सिनेमा फसलाय.

मुख्य धारेचा मला सगळ्यात टोचणारा दोष बोलीचा आहे. गावचा माणूस म्हटला की एकच ठरावीक 'गावरान' हेल, मग तो सांगोल्याचा असो की साताऱ्याचा. आपल्या मराठीत कानडी, तेलुगू, दखनी मिसळून जो सूर तयार झालाय तो मोठ्या बॅनरच्या सिनेमात मला ऐकू येत नाही. स्वतंत्र सिनेमा त्या गावचीच माणसं उभी करतो, त्यामुळे बोली आपोआप खरी येते.

भाषेवरून एक व्यवहाराचा सल्ला, जो पुण्याच्या वाचकाला लागणार नाही पण इथल्या साखर पेठेतल्याला लागेल. मुख्य धारेचे बरेच सिनेमे रिमेक असतात. रितेश देशमुख यांचा 'वेड' हा तेलुगू 'मजिली'वर बेतलेला. घरात तेलुगू बोलणाऱ्यांपैकी अनेकांनी मूळ सिनेमा आधीच पाहिलेला असतो. तिकीट काढण्याआधी तेवढं विचारून घ्या. उलट दिशेनंही हे होतं. 'सैराट' कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' नावानं २०१७ मध्ये झाला, त्यातही रिंकू राजगुरूच होती. हिंदी 'धडक' २०१८ चा. तिन्ही बघणार असाल तर मराठीपासून सुरुवात करा. 'धडक'मधून जातीची धार गेली आणि उरली ती दोन सुंदर पोरांची प्रेमकहाणी. स्वतंत्र सिनेमाचा रिमेक सहसा होत नाही. तो ज्या गावातून येतो तिथून उचलून नेला तर हातात काही राहत नाही.

आता वेळ आणि पैसा. मल्टिप्लेक्सनं मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यावा असं राज्य सरकारनं २०१५ मध्ये ठरवलं, आणि वादावादीनंतर तो प्राइम टाइम दुपारी १२ ते रात्री ९ असा लांबवला. म्हणजे मंगळवारी दुपारी साडेबाराचा शोही नियमात बसतो. विडी वळणारी बाई, मागावरचा कामगार, दुकानातला मुलगा, यांच्यापैकी साडेबाराला कोण मोकळं असतं? छोट्या सिनेमाला नेमका तो शो मिळतो. मग 'प्रेक्षकच नाही' म्हणत पुढच्या शुक्रवारी तो उतरतो. म्हणून त्याला 'पुढच्या आठवड्यात बघू' हे चालत नाही. शनिवार-रविवारचा शो असेल तर तोच गाठा. मोठा सिनेमा दुसऱ्या आठवड्यातही असतो, तेव्हा गर्दीही कमी असते.

पैशाचं म्हणाल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के. चौघं-पाचजण जाणार असाल तर सकाळचा स्वस्त शो किंवा जुनं एकपडदा थिएटर बघा, फरक जाणवतो.

सोबत कोण आहे यावरही निवड बदलते. लहान मुलं असतील तर मी बिनदिक्कत मुख्य धारेचा सिनेमा सांगते. न समजणाऱ्या शांततेत पोराला दोन तास दटावून बसवणं त्याच्यावरही अन्याय आणि मागच्या रांगेवरही. आई-वडिलांना नेणार असाल तर मधली वाट सुचवते. आपल्या सोलापूरच्या रंगभूमीवरून पुढे गेलेल्या अतुल कुलकर्णींचा 'नटरंग' तसा होता : अजय-अतुलची गाणी, भरगच्च तमाशा, आणि आत पैलवानाच्या देहातून नाच्या घडत जाण्याची अवघड, दुखरी गोष्ट.

आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर जयंत सोमलकरांचा 'स्थळ' बघा, तोही सगळ्यांनी एकत्र. २०२३ ला टोरंटोच्या महोत्सवात आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये थिएटरात आला. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, कापसाचा शेतकरी बाप, शिकणारी मुलगी. पाहुणे येतात, मुलीला पाटावर बसवतात, तेच प्रश्न, तीच उत्तरं, परत पाहुणे येतात. हा सिनेमा शांत आहे, पण अवघड अजिबात नाही. वर मी म्हटलं की घरी छोटा सिनेमा निम्मा होतो. 'स्थळ'बद्दल ते मागे घेते. तो दिवाणखान्यातच बघावा, कारण त्यातले अर्धे प्रसंग दिवाणखान्यातच घडतात, आणि बघताना एखादे काका उठून आत गेले तर तेही समजून येईल.

राहिला प्रश्न जे सिनेमे सोलापुरात पोचतच नाहीत त्यांचा. सहसा जानेवारीत पुण्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. ज्यांनी 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' केले ते पंढरपुरात जन्मलेले डॉ. जब्बार पटेल तो बरीच वर्षं चालवतायत. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आसपासच तो बहुधा येतो. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघालात तर दुपारपासून दोन सिनेमे होतात आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीनं घरी येता येतं. आधी वेळापत्रक मिळवा आणि मराठी स्पर्धेतले सिनेमे निवडा. परदेशी सिनेमे पुढे मोबाइलवर कुठं ना कुठं सापडतात, मराठीतले कित्येक तिथंच एकदा दिसतात.