देवनागरी ठशांचा संच, सहा महिन्यांनंतर : ‘शुभेच्छा’मधला ‘च्छ’ आणि वाळलेला पॅड

गुढीपाडव्याची शुभेच्छापत्रे करायला बसले असता सातव्या कार्डावर काळ्या शाईच्या पॅडने मान टाकली. शाई आधी फिकट होत गेली असती तर निदान कल्पना आली असती. येथे स्पंजावर थंड दुधावरच्या सायीसारखा कोरडा पापुद्रा धरला होता आणि बोटाने दाबूनही शाई वर येईना. शुभेच्छापत्रांवर मारायच्या ठशांचा हा संच घेतल्याला जेमतेम सहा महिने झाले होते आणि वहीतल्या नोंदीप्रमाणे त्या पॅडवर एकूण १४० ठसे उमटवून झाले होते. दिवाळीनंतर याच संचाविषयी मी चार बरे शब्द लिहिले होते. ते सगळे मागे घेत नाही, पण त्यांतले काही आता दुरुस्त करावे लागतील.

पारदर्शक ठसे, ते चिकटवून धरायचा अॅक्रिलिकचा ठोकळा, तीन पॅड, चमकीच्या बाटल्या आणि २५ कोरी कार्डे ही यादी संच पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यामुळे ती पुन्हा देत नाही. किंमत मात्र लिहिते, कारण ती अजून खुपते : १,४५० रुपये. गणपती गेल्यावर लगेच मागवला होता. एवढे पैसे मोजण्याचे कारण एकच, की पणती, आकाशकंदील आणि तोरणाबरोबर त्यात मराठी मजकुराचे ठसे होते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संचांत मजकूर इंग्रजी असतो आणि आपल्या माणसांना पाठवायच्या कार्डावर इंग्रजी ठसा मारणे मला पटत नाही.

मी बँकेत ३१ वर्षे नोकरी केली. जांभळ्या शाईत बुडवून ‘पेड’चा शिक्का दिवसाला शेकड्याने मारलेला असल्यामुळे ठसा उमटवणे मला कोणी शिकवावे, असे मला वाटत नव्हते. तो अहंकार पहिल्याच संध्याकाळी उतरला. पणती सुरेख आली, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांची रेघन् रेघ उमटली, परंतु ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ या ओळीतील ‘च्छ’ शाईने भरून काळा ठिपका झाला. अर्ध्या ‘च’च्या पोटातील जागा आणि ‘छ’च्या वळणातील जागा, दोन्ही बुजल्या. त्याच ओळीत ‘हार्दिक’वरचा रफार मात्र उमटलाच नाही, म्हणजे एकाच ठशात एके ठिकाणी शाईचा पूर आणि चार अक्षरे अलीकडे दुष्काळ. तशीच पाच-सहा कार्डे टपालात पडली आणि नणंदेचा पुण्याहून फोन आला, “वहिनी, कार्ड फार छान आहे, पण हे ‘शुभेब्बा’ काय आहे?” मी म्हटले, “वन्सं, छपाईची चूक आहे.” आमच्या घरात तेव्हापासून दिवाळीला ‘शुभेब्बा’ देतात.

एवढ्याशा जोडाक्षरासाठी मी किती संध्याकाळी घालवल्या हे सांगायला संकोच वाटतो. नव्या ठशावर कारखान्यातला तेलकट थर असतो आणि त्यावर शाईचे थेंब जमतात, म्हणून तो शाळेच्या खोडरबरने हलका घासून घेतला. त्याने पणतीचा सपाट भाग एकसारखा उमटू लागला, ‘च्छ’ होता तेथेच राहिला. मग ठसा पॅडवर दाबण्याऐवजी उलटा धरून पॅडच त्यावर हलक्या हाताने टेकवत नेला, कारण स्पंजाचा पॅड मऊ असतो आणि ठसा त्यात रुतला की शाई अक्षरांच्या खाचांत उतरते. यानंतर थोडा फरक पडला. पहिला ठसा रद्दीवर मारून दुसरा कार्डावर मारला, तेव्हा आणखी थोडा पडला.

खरा दोष नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री सापडला. कार्डाखाली ठेवायला संचात फोमची जाड चटई येते आणि माहितीपत्रकात ती आवर्जून वापरायला सांगितलेली आहे. मोठ्या चित्रांना ती उपयोगी पडत असेल, परंतु बारीक अक्षरांच्या वेळी कार्ड त्या मऊ चटईत दबते आणि कागद थेट ठशाच्या खाचांत शिरून तिथली शाई उचलतो. बँकेत आम्ही शिक्का मारायचो तो लेजरच्या पानांवर, आणि ती बैठक टेबलापेक्षा मऊ पण गादीपेक्षा कठीण असे. चटई बाजूला सारून मी एक जुना दिवाळी अंक खाली घेतला आणि ‘च्छ’चे पोट प्रथमच मोकळे दिसले. ती रात्र मला दिवाळीहून मोठी वाटली, हे कबूल करते. रफारासाठी मात्र खुर्चीवरून उठून, उभे राहून ठोकळ्याच्या वरच्या कडेवर भार द्यावा लागे, आणि तरीही तो तीन कार्डांतून एकदाच नीट येई.

पॅडची गोष्ट वेगळी आहे. काळा पॅड पिगमेंट शाईचा आहे, म्हणजे त्यातले रंगकण कागदात मुरण्याऐवजी वर बसून राहतात. संचातली कार्डे गुळगुळीत मुलाम्याची आहेत, आणि आमच्या रत्नागिरीची ऑक्टोबरमधली हवा दमट. या तिघांचे जमत नाही. तासाभराने कोरडी समजून एकावर एक रचलेली कार्डे सकाळी उचलली, तर प्रत्येकाच्या पाठीवर खालच्या कार्डाची पणती उमटलेली होती. पुढची कार्डे कपडे वाळवायच्या दोरीवर चिमट्यांनी टांगून रात्रभर पंख्याखाली ठेवली. संक्रांतीच्या वेळी साधा, मुलामा नसलेला कार्डशीट घेतला, आणि ही तक्रार बहुतांशी मिटली.

मात्र याच मंद वाळण्याचा एक फायदा आहे आणि तो मला उशिरा कळला. शाई ओली असतानाच तिच्यावर एम्बॉसिंगची, म्हणजे तापवली की वितळणारी, भुकटी टाकून जादाची झटकून द्यायची आणि उष्णता द्यायची, की अक्षरे उठावदार होतात. भुकटी भलतीकडे चिकटू नये म्हणून कार्डावर आधी फिरवायची छोटी पिशवी वेगळी विकत मिळते. मी टाल्कम पावडर मलमलच्या फडक्यात बांधून तिची पुरचुंडी केली, खर्च शून्य. उष्णतेसाठी खास हीटगन लागते असे सांगतात. केस वाळवायच्या यंत्राने भुकटी उडून गेली, वितळली नाही. शेवटी पापड भाजायच्या चिमट्यात कार्ड धरून तापल्या तव्याच्या बोटभर वर नेले. पहिले काही क्षण काहीच होत नाही आणि मग एका कडेने पिठूळपणा जाऊन सोनेरी लकाकी सरकत जाते. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ डोळ्यांसमोर उजळत गेले. एक कार्ड पिवळे पडले, एका बोटाला चटका बसला, पण हीटगनचे पैसे वाचले.

चमकीविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण तिच्याविषयी लिहिले की राग येतो. ती अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांची आहे आणि दिवाळीत सांडलेली चमकी पौष महिन्यात पोह्यांत सापडली. जर्मनीतल्या भाचीने फोनवर सांगितले, “मावशी, पुढच्या वेळी चमकी नको. इकडे प्लॅस्टिकची सुटी चमकी विकण्यावरच बंधन आलेय.” युरोपीय संघाचा हा नियम सुट्या प्लॅस्टिक चमकीला १७ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला आहे. आता मी अभ्रकाची भुकटी वापरते. डिंकाच्या पातळ रेघेवर ती कोरड्या कुंचल्याने टेकवली की ज्योतीला शोभेल इतपतच चमकते आणि घरभर पसरत नाही.

टपालाचाही एक धडा मिळाला. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये लागतात. घडीचे कार्ड, त्यावर चिकटवलेला दुसरा थर, कापून लावलेली पणती आणि पाकीट मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर २२ ग्रॅम भरले, ते मी कार्डे पाठवून झाल्यावर मोजले. मोठ्या दिरांच्या घरी पाकीट बैरंग पोहोचले आणि कमी पडलेल्या तिकिटाचे दुप्पट पैसे त्यांनी भरले. ते काही बोलले नाहीत, जाऊबाई बोलल्या.

आता पुन्हा त्या वाळलेल्या पॅडकडे येते. झाकणाची एक कड पहिल्या दिवसापासून किंचित उचललेली होती, हे छायाचित्रांसह विक्रेत्याला कळवले. पहिले उत्तर आले, की बदलून देण्याची मुदत सात दिवसांची आहे. दुसरे आले, की शाईचा पॅड ही वापरून संपणारी वस्तू आहे. संपणारी वस्तू आणि वाळणारी वस्तू यांतला फरक मी सविस्तर लिहून पाठवला, त्यावर तिसऱ्या उत्तरात पुढच्या खरेदीवर १५ टक्के सवलतीचे कूपन आले. पॅडमध्ये घालायची सुटी शाई ते विकतच नाहीत. म्हणजे १५ टक्के वाचवण्यासाठी मी पुन्हा अख्खा संच घ्यावा आणि नव्या संचातून काळा पॅड तेवढा वापरावा, अशी त्यांची अपेक्षा दिसते.

मी स्टेशनरीच्या दुकानातून स्टॅम्प पॅडची शाई आणली, पापुद्रा सुरीच्या बोथट बाजूने खरवडून काढला आणि थेंब थेंब शाई जिरवली. मुलाम्याच्या कार्डावर ती दोन दिवस ओली राहते, साध्या कार्डशीटवर चालते. अक्षरांच्या कडा थोड्या फुटतात, पण पाडव्याची उरलेली कार्डे त्यावर निभावली. ठशांबद्दल मात्र तक्रार नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन, उन्हापासून दूर, त्यांच्याच प्लॅस्टिकवर ठेवले तर सहा महिन्यांनीही ते ठोकळ्याला घट्ट चिकटतात.

वर ‘च्छ’चा दोष मी सगळा चटईवर ढकलला आहे, तेवढे पूर्ण खरे नाही, हे मला गेल्या आठवड्यात कळले. ठसा घेऊन आमच्या बाजारातल्या रबरी शिक्के करणाऱ्यांकडे गेले होते. त्यांनी तो भिंगाखाली धरला आणि म्हणाले, “काकू, हा टाइप, म्हणजे अक्षराचं वळण, कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचायचा आहे. शिक्क्याला जोडाक्षराचं पोट मोकळं लागतं.” त्यांनी दुसरा टाइप घेऊन ‘च्छ’मधली फट वाढवली, निगेटिव्हवर प्रकाशाने घट्ट होणारे पॉलिमर ओतून दिव्याखाली धरले, न घट्ट झालेला भाग धुऊन काढला आणि १८० रुपयांत नुसत्या ‘शुभेच्छा’चा ठसा हातात दिला. दिवाळी अंकावर ठेवून मारला. पहिल्याच फटक्यात ‘च’ वेगळा, ‘छ’ वेगळा. म्हणजे संच करणाऱ्यांनी पणतीची वात काढताना जेवढे लक्ष दिले, त्याच्या निम्मे जरी या एका अक्षराला दिले असते, तर माझे १८० रुपये वाचले असते. चित्रांसाठी संच घ्यायचा असेल तर घ्यावा, मजकुरासाठी घेऊ नये, असे माझे आजचे मत आहे.

विक्रेत्याच्या कूपनाची मुदत ३१ मार्चला संपली. ‘हार्दिक’साठी शिक्केवाले १६० मागत आहेत आणि मी १४० वर अडले आहे, रफार जाड करून मिळणार असेल तर १५० पर्यंत जायची तयारी आहे, पण ते त्यांना अजून सांगितलेले नाही.