ग्रँप्समधला नकाशा गोव्याच्या वंशावळीला कितपत पुरतो?

गोव्यातल्या घराण्याची वंशावळ मांडताना माणसांपेक्षा गावं जास्त छळतात. माणसांची नावं महाजनांच्या (देवस्थानच्या सभासद घराण्यांच्या) यादीत किंवा देवस्थानच्या दप्तरात सापडतात. पण एकच घर १९५५ च्या कागदात पोर्तुगीज अमलाखाली, १९७० च्या कागदात गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशात आणि १९९० च्या कागदात गोवा राज्यात असतं. घर जागचं हललेलं नसतं. ही भानगड नीट सांभाळणारी सॉफ्टवेअरं थोडी, आणि त्यांत ग्रँप्स वरच्या नंबरात आहे. ते मोफत आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मात्र त्याचं खरं बळ नकाशाच्या खिडकीत नाही, तिच्यामागच्या गावांच्या नोंदवहीत आहे. नकाशा स्वतः बेताचाच.

ग्रँप्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांच्यापुढे गावाचं नाव नुसतं टंकायचं नसतं. 'प्लेसेस'मध्ये प्रत्येक ठिकाणाची वेगळी नोंद होते आणि घटना तिला जोडली जाते. प्रत्येक ठिकाण 'एनक्लोज्ड बाय' या टॅबमधून वरच्या ठिकाणात बसवायचं: वाडा गावात, गाव तालुक्यात, तालुका गोव्यात. प्रकारांच्या तयार यादीत तालुका नसला तरी तो शब्द तिथे लिहिता येतो. या प्रत्येक जोडणीला तारीख देता येते, हीच गोव्यासाठी कामाची गोष्ट. पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात, त्यानंतर गोव्यात. गोवा १९६१-१२-१८ पर्यंत पोर्तुगीज अमलात, १९६१-१२-१९ पासून भारतात, १९८७-०५-३० पासून घटक राज्य. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने टाकल्या की घोळ होत नाही. नुसतं 'अमुक सालापूर्वी' असं मोघम लिहू नका, दोन्ही टोकं द्या. १७०० चं पेडणे पोर्तुगीजांकडे नव्हतं, आणि मोघम नोंदीतून नेमका तोच अर्थ निघतो.

या तारखा गावोगाव टाकत बसू नका, तालुक्याच्या पातळीवर टाका. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींचा (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागाचा) इतिहास वेगळा, फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे यांचा वेगळा. तालुक्याची नोंद एकदा बरोबर झाली की त्याखालची सगळी गावं आपोआप सुधारतात, आणि घटनेच्या तारखेनुसार ठिकाणाचं पूर्ण नाव त्या काळाचं दिसतं. मोले, कुळे ही गावं मात्र स्वतंत्रपणे हाताळावी लागतात. २०११ मध्ये धारबांदोडा तालुका वेगळा निघण्याआधी ती सांग्यात होती, म्हणजे या गावांना दोन जोडण्या, दोन तारखांसह.

नावांसाठी 'ऑल्टरनेटिव्ह नेम्स' हा टॅब आहे. पणजीच्या नोंदीखाली पंजिम आणि नोव्हा गोवा, दोन्ही तिथे घालता येतात, भाषा आणि कालावधीसकट. पोर्तुगीज कागदात 'इल्हास' दिसलं की ती तिसवाडी, त्यासाठी नवं ठिकाण करू नका. दुसऱ्या कुणाची गेडकॉम फाइल (वंशावळीच्या देवाणघेवाणीसाठी सगळी सॉफ्टवेअरं वाचतात ती) आयात केली की हा पसारा हमखास होतो: म्हापसा, म्हापशें, मापुसा अशा तीन नोंदी आणि नकाशावर तीन वेगळे ठिपके, नाहीतर एकही नाही. यादीत दोन नोंदी निवडून 'मर्ज' करा, म्हणजे एकत्र करा, पण त्याआधी घटना तपासा. गोव्यात केरी एक नाही. पेडण्यात आहे, सत्तरीत आहे, फोंड्यातही आहे. 'प्लेस क्लीनअप' हे जोड-साधन जिओनेम्स या ठिकाणांच्या ऑनलाइन सूचीवरून अक्षांश-रेखांश आणि पर्यायी नावं आणून देतं, शहरांसाठी बरं आहे. केरीसारख्या गावांना त्याच्यावर सोडू नका, चुकीच्या तालुक्यातलं केरी चिकटलं तर ते पुन्हा सहसा कुणी तपासत नाही.

अक्षांश-रेखांश हाताने भरताना दशांशात भरा. पणजी साधारण १५.४९ आणि ७३.८२. दोन दशांश म्हणजे सुमारे एक किलोमीटरची अचूकता, गावाला पुरेशी. घराला चार दशांश हवेत, म्हणजे सुमारे ११ मीटर. गुगल मॅप्सवर उजवी क्लिक केली की आधी अक्षांश मिळतो, मग रेखांश. केएमएल (गुगल अर्थची नकाशा-फाइल) फाइलमध्ये क्रम बरोबर उलटा असतो, आणि तिथून उचललेले आकडे तसेच डकवले की पणजी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. आफ्रिकेत किंवा लिस्बनला गेलेल्या नातलगांच्या बाबतीत उणे चिन्हाकडे लक्ष ठेवा. मापुतो, म्हणजे १९७६ पर्यंतचं लोरेन्सु मार्किश, –२५.९७, ३२.५७ वर आहे. उणे चिन्ह राहिलं तर ठिपका इजिप्तमध्ये लक्सरच्या आसपास उमटतो. लिस्बनच्या रेखांशाचं उणे विसरलं तर शहर सार्डिनियाच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रात.

आता नकाशा. ग्रँप्सच्या 'जिओग्राफी' या विभागात एका व्यक्तीची ठिकाणं, एका कुटुंबाची, वंशजांसह स्थलांतरं असे वेगवेगळे देखावे आहेत. दोन माणसांची भेट होणं शक्य होतं का हे दाखवणारा देखावाही आहे, तो तारखा भरगच्च असतील तरच उपयोगी. ज्या नोंदीला अक्षांश-रेखांश नाही ती नकाशावर येतच नाही. वरच्या गावाचा ठिपका खालच्या वाड्याला उसना मिळत नाही, म्हणून निदान गावपातळीपर्यंत तरी आकडे भरून टाका. लिनक्सवर हा देखावा दिसतच नसेल तर ओएसएमजीपीएसमॅप हे पॅकेज बसवलेलं नसतं.

स्थलांतराच्या रेषा वाचताना मात्र डोकं ताळ्यावर ठेवायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी होत असे, त्यामुळे थोरल्या मुलाचा जन्म आजोळच्या गावात आणि बाकीची नोंद बापाच्या गावात. सॉफ्टवेअर तिथून इथपर्यंत ठळक रेघ ओढतं, जणू माणूस गाव सोडून आला. 'रेसिडन्स' (वास्तव्य) ही घटना वेगळी भरली तर रेघेला काही अर्थ येतो. अलीकडच्या पिढ्यांत तर सगळे जन्म बांबोळी, मडगाव नाहीतर म्हापशाच्या इस्पितळांत, त्यामुळे ठिपक्यांचा तिथे ढीग होतो आणि गाव रिकामं दिसतं.

सर्वांत मोठी उणीव ही: नावाला तारीख, जोडणीला तारीख, पण अक्षांश-रेखांशाला तारीख नाही. एका नोंदीला एकच ठिपका. मंगेशीचं दैवत १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला हललं, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, म्हाळसा वेर्णेहून म्हार्दोळला. कुळावी (त्या दैवताला कुलदैवत मानणाऱ्या) घराण्यांचा माग काढताना हे स्थलांतर दाखवायलाच हवं, आणि त्यासाठी जुनं देऊळ आणि नवं देऊळ अशा दोन नोंदी करून एकमेकांचा उल्लेख टिपणात लिहावा लागतो. कुर्डीचंही तेच. साळावली धरणात गाव बुडालं, तर कुर्डीचा ठिपका जलाशयातच ठेवा, पुनर्वसनाच्या ठिकाणी ओढून नेऊ नका. कागद जुन्या जागेचे आहेत.

जुने नकाशे पाठीमागे लावण्याची सोय नीट नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला मुक्त नकाशा दिसतो, तोही आजचा, आणि गोव्यात त्यावरची अक्षरं बहुतेक रोमन. उजव्या क्लिकमधून केएमएल फाइल थराप्रमाणे चढवता येते. गुगल अर्थमध्ये जुन्या तालुक्याची सीमा रेखून ती इथे आणली तर निम्मी गरज भागते. एकदा पाहिलेला नकाशा संगणकात साठून राहतो आणि इंटरनेट नसताना चालतो. पण आख्खा गोवा आधीच उतरवून घेऊ म्हटलं तर ओपनस्ट्रीटमॅपच्या नियमांत ते बसत नाही.

मायहेरिटेज या वंशावळीच्या वेबसाइटचा पेडिग्रीमॅप दिसायला याहून देखणा आहे, मुंबईच्या नातेवाइकांना दाखवायला तोच वापरा. मूळ काम मात्र ग्रँप्समध्ये ठेवा. देवाणघेवाण गेडकॉममधून करताना एवढं ध्यानात असू द्या की त्यात ठिकाण म्हणजे स्वल्पविरामांनी जोडलेली एक ओळ. अक्षांश-रेखांश सोबत जातात, तारखांची उतरंड जात नाही. राखणीची प्रत म्हणून ग्रँप्सचीच एक्सएमएल फाइल घ्या. वेबसाइट तयार करणार असाल तर हयात माणसं वगळण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर चार दशांशांचा ठिपका थेट त्यांच्या दारावर पडतो.