कलमी जास्वंद, अकरा महिन्यांनंतर: फूल झकास, गोळा भिकार

फुलाबद्दल तक्रार नाही. पिवळं-केशरी, मधे लाल, ताटलीएवढं, आणि देशी जास्वंद संध्याकाळी मिटते तिथे हे दोन-दोन दिवस टिकतं. तक्रार आहे ती 250 रुपयांच्या रोपाबरोबर गळ्यात मारलेल्या लाल मातीच्या गोळ्याबद्दल.

टेम्पोत हेलकावे बसून मुळं उघडी पडू नयेत म्हणून नर्सरीवाले रोप चिकट लाल मातीत थापतात. पिशवीत असेपर्यंत ठीक. तोच गोळा भुसभुशीत मातीत बसवला की पाणी कडेकडेने खाली पळतं आणि गोळ्याची आत वीट होते. जुलैत घेतलेल्या रोपाचं हे दुखणं पावसात कळतच नाही. ऑक्टोबरचं ऊन लागलं की पानं दुपारी माना टाकतात. वरची माती ओली दिसते, म्हणून पाणी जास्त झालं समजून आपण ते आणखी तोडतो. मग वाटाण्याएवढ्या कळ्या देठासकट पिवळ्या पडून गळतात. पाणी घातल्यावर तासाभराने खोडाजवळ बांबूची काडी खुपसा. ती कोरडी आली किंवा आत शिरलीच नाही, तर दोष गोळ्याचा.

रोप काढून गोळा तासभर बादलीत बुडवायचा आणि भिजलेली माती बोटांनी बाहेरून इंच-दीड इंच सोडवायची. गाभ्याला हात लावायचा नाही, आणि भर उन्हाळ्यात हा उद्योग करायचाच नाही. 12 इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. नंतर आठवडाभर सावली. एवढं जमणार नसेल तर गोळ्यात काडीने पाच-सहा भोकं पाडून दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा पाणी द्या. कामचलाऊ आहे, पण चालतं.

सांध्याखालून येणारा फुटवा देशी खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याचा असतो. तो वेळीच मोडला नाही तर 250 रुपयांची जास्वंद हळूहळू फुकटची जास्वंद होते.

फेब्रुवारीत मात्र मत थोडं बदलावं लागलं. गोळा सुटला, पानं टवटवीत, तरी मोठ्या कळ्या उमलायच्या आधीच खाली. पडलेली कळी नखाने उभी चिरली तर आत बारीक पांढुरक्या अळ्या. चिलटासारखी माशी कळीत अंडी घालते, अळी कळीबरोबर खाली येते आणि मातीत कोष करते. कुंडीत पडलेल्या कळ्या तशाच ठेवणं म्हणजे पुढच्या पिढीची सोय. तीन-चार आठवडे रोज वेचा, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका. अळी कळीच्या आत असल्यामुळे फवारणीचा फारसा उपयोग नाही. तेव्हा सगळ्या कळीगळीचं बिल गोळ्यावर फाडणं अन्यायाचं. निम्मं तरी त्याचंच.

पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी दिसणारी कीड, येतोच. 5 मिली निंबोळी तेल आधी 2 मिली भांड्यांच्या लिक्विडमध्ये फेटायचं, मग लिटरभर पाण्यात घालून संध्याकाळी फवारायचं. आठवड्याच्या अंतराने तीनदा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी तिचा बंदोबस्त, नाहीतर ढेकूण परत येतात.

खताच्या नावाखाली डीएपी किंवा हाडांचा चुरा घेऊ नका. दोन्हींत स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, आणि जास्वंदीला ते थोडंच लागतं. ते साठलं की झाडाला लोह-जस्त उचलता येत नाही आणि शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं असं होतं. त्याऐवजी 13:00:45 हे स्फुरद नसलेलं, पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, दर 15 दिवसांनी. फूल नव्या फुटीवरच येतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्या एक तृतीयांश छाटा.

केसांच्या तेलाला देशी लाल जास्वंदच पुरे. पानं-फुलं धुऊन, पूर्ण सुकवून खोबरेलात मंद आचेवर बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची. ओल राहिली की तेल खवट. तेल लाल होईल ही आशा सोडा, फुलाचा रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही. आणि ‘हिबिस्कस टी’ म्हणून महागात मिळतो तो बहुतेक लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो. त्यात जास्वंद शोधू नका.

पुन्हा कलमी घ्यायची झाली तर पिशवी दाबून. दगडासारखी लागली तर पुढचं रोप. गणपतीच्या फुलांसाठी मात्र पैसे घालवू नयेत: जूनमध्ये शेजारच्या देशी जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी मागायची, खालची पानं काढून दोन डोळे (पान फुटायच्या जागा) मातीत जातील अशी खोचायची. महिना-दीड महिन्यात मुळं धरते.