पावतीवर घर बांधायचं की रीतसर परवानगी काढायची?

"गावी दीड गुंठा जागा आहे, घर बांधायचंय. आता परवानगी लागत नाही म्हणतात, खरं का?" नकाशे काढून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतो. उत्तर अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच माणसं अडकतात.

पूर्वी एका नगरपालिकेचा नियम शेजारच्या नगरपालिकेत चालत नसे. डिसेंबर २०२० पासून जवळपास सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. बोलताना सगळे तिला युनिफाइड डीसीआर म्हणतात. बृहन्मुंबई, एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं क्षेत्र), लोणावळा आणि थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपालिका तिच्यातून वगळल्या आहेत, तिथल्या लोकांनी पुढचं स्वतःला लावू नये. या नियमावलीनं छोट्या भूखंडांना मोठी सवलत दिली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला कागदपत्रं व नकाशे दाखल करून शुल्क भरलं, की ती पावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरला १० दिवसांत परवानगी. त्याच्या वर नेहमीची छाननी. ग्रामीण भागातही साधारण हेच: ३,२०० चौरस फुटांपर्यंत नगररचनाकाराकडे जावं लागत नाही, ग्रामपंचायतीतच काम होतं.

आता गुंठ्याचं गणित बघा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर (पुढे नुसतं मीटर म्हणतो). म्हणजे दीड गुंठा भरतो १५१.७५ मीटर. पावणेदोन मीटरसाठी तो पावतीच्या मर्यादेबाहेर जातो! तीन गुंठ्यांचंही तेच, ३०३ मीटरच्या वर. आपल्याकडे वाटण्या आणि खरेद्या गुंठ्यात होतात, नियम मीटरमध्ये बसवलाय. सातबाऱ्यावर दीड गुंठा असलेल्या माणसाला "तुम्हाला पावती चालेल" असं कुणी सांगत असेल, तर आधी मोजणी नकाशावरचा आकडा बघायला सांगा.

पावतीचा मार्ग झटपट आहे, कमी हेलपाट्यांचा आहे, आणि मला मनापासून आवडतो. दोन खोल्यांच्या घरासाठी माणसानं सहा-सहा महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्यात हे कधीच बरोबर नव्हतं. पण पावती मिळाली म्हणजे नियम उठले असं नाही. सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), चटई क्षेत्र (एकूण किती बांधता येतं ते), उंची सगळं जागच्या जागी आहे. नकाशा नियमात बसतो हे परवानाधारक अभियंता लिहून देतो आणि कचेरी ते मानते. तुमच्या वतीनं दुसरं कुणी तपासलेलं नसतं. चूक निघाली तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ५३ची, अनधिकृत बांधकामाची नोटीस मालकाच्या दारावर लागते.

असं एक काम माझ्याकडे निस्तरायला आलं होतं. पावती होती, जोता पूर्ण झाला होता. शेजाऱ्यानं टेप धरली आणि बाजूचं अंतर नऊ इंच कमी भरलं. कारण? नकाशा काढताना हद्द जुन्या तारेच्या कुंपणावरून धरली होती, मोजणीच्या खुणेवरून नाही. एका बाजूचा जोता फोडून मागे घ्यावा लागला. त्या घरातल्या आजी रोज संध्याकाळी त्या फोडलेल्या जोत्यापाशी येऊन उभ्या राहायच्या. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

रीतसर परवानगीत वेळ जातो, त्रुटीपत्रं येतात, एखादा कागद तीनदा मागतात. पण छाननी बांधकामाआधी होते, आणि कागदावरची चूक खोडरबरानं जाते. दुसरा फायदा कर्जाचा. मंजुरीचा शिक्का असलेला नकाशा बँकेत निमूट चालतो. पावती दाखवली की काही शाखा प्रश्न विचारत बसतात. कर्ज काढणार असाल तर मार्ग ठरवण्याआधीच बँकेत विचारा.

काहीजण तिसरी वाट सुचवतात: अर्ज करून ६० दिवस उलटले की त्याच कायद्याच्या कलम ४५नुसार परवानगी मिळाली असं मानायचं. तरतूद खरी आहे. पण कचेरीनं मध्ये काही माहिती मागितली तर दिवस तुमच्या उत्तरापासून मोजतात, आणि बांधकाम नियमाबाहेर गेलं तर ते अनधिकृतच ठरतं. या भरवशावर पाया खणू नका.

माझा कौल विचाराल तर असा. भूखंड मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) किंवा गावठाणातला, मोजणी ताजी, हद्दीवर वाद नाही, कर्ज नाही आणि क्षेत्र १५० च्या आत: बिनधास्त पावती घ्या. शेतजमिनीतून तुकडा पाडून नोटरीवर घेतलेला गुंठा असेल, तर आकार कितीही लहान असो, हा मार्ग तुमचा नाही. आधी जागेचं कायदेशीर बघा. भावकीत कुरबुर असेल, पुढेमागे वरचा मजला चढवायचा असेल, तर छाननीतून गेलेलं बरं. आणि ज्यांचा दीड गुंठा आहे त्यांना १० दिवसांचा मधला रस्ता आहेच, पावणेदोन मीटर लपवायच्या खटपटीत पडू नका.

कुठलाही मार्ग घ्या, मोजणीचा अर्ज आधी टाका. नकाशावाल्याला बोलावाल तेव्हा कोपऱ्यातले दगड दिसायला हवेत.