१९०९ ची डीएनडी सेवा : नोंदणी ठीक, तक्रार अधिक उपयोगाची

इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात कोणत्याही मराठी घरी विचारले, तर ‘डीएनडी लावून ठेवले आहे, तरी फोन येतातच’ असे उत्तर मिळते. डीएनडी म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’, जाहिरातींचे फोन आणि संदेश नको असल्याची नोंद. म्हणणे खोटे नाही. मात्र जे काम या सेवेच्या रचनेतच नाही त्याची अपेक्षा तिच्याकडून केली जाते, आणि जे काम ती बऱ्यापैकी करते त्याकडे सहसा कोणी वळत नाही.

नोंदणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. १९०९ वर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट ०’ असा संदेश पाठवला की सर्व विषयांच्या जाहिराती नाकारल्या जातात. बँक-विमा, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य यांपैकी काही हवेच असेल तर तशी निवडही करता येते. पैसे लागत नाहीत, आणि ज्या ज्येष्ठांना संदेश लिहिणे जमत नाही त्यांना त्याच क्रमांकावर फोन करता येतो.

अडचण पुढे आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००७ मध्ये अशी नोंद केलेल्या क्रमांकांच्या यादीचे नियम केले आणि २०१८ मध्ये ते नव्याने लिहिले. पण यादी कोणाला बांधते, हे मुळात तसेच राहिले. ज्या टेलिमार्केटरने रीतसर नोंदणी केली आहे, त्याचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यावेत आणि तत्पूर्वी त्याची ग्राहकयादी डीएनडी यादीशी ताडून पाहिली जावी, अशी व्यवस्था आहे. हा सरळमार्गी वर्ग नोंदणीनंतर खरोखर शांत होतो. सुपर कॉरिडॉरवरचे प्लॉट, उज्जैन रोडवरची फार्महाउसे आणि भंवरकुआँ परिसरातले कोचिंग विकणारे मात्र साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘सर, प्लॉट देख रहे हैं क्या?’ असे विचारतात. ते कोणतीही यादी ताडत नाहीत आणि त्यांचा फोन वाटेत अडवला जाईल अशी सोयही नाही.

दुसरी पळवाट आपल्याच सहीने उघडते. मॉलमधल्या सोडतीच्या कूपनावर, घरशोधाच्या संकेतस्थळावर किंवा कर्जाच्या अर्जातल्या बारीक अक्षरांखाली दिलेली संमती डीएनडीच्या वर चालते. ती मागे घेता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या बँकेत खाते आहे तिचे कामाचे फोन तर अडवायचेच नसतात. अशा फोनांसाठी १६०० ची वेगळी मालिका आहे, त्यामुळे निदान ते ओळखू येतात. व्हॉट्सअॅपवरचे फोन आणि संदेश या यादीच्या कक्षेबाहेरच आहेत.

म्हणून माझ्या मते या सेवेचा खरा उपयोग तक्रारीत आहे, आणि ट्रायने नियमांत केलेल्या फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर तो वाढला आहे. पूर्वी तीन दिवसांत तक्रार करावी लागे, आता सात दिवस मिळतात. डीएनडीची नोंदणी नसली तरी तक्रार घेतली जाते. एखाद्या बिगरनोंदणीकृत क्रमांकाविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या तरच कारवाई होई, आता दहा दिवसांत पाच पुरतात, आणि मोबाइल कंपनीला तीस दिवसांऐवजी पाच दिवसांत पाऊल उचलावे लागते. तक्रारीसाठी ट्रायचे डीएनडी अॅप सर्वांत सोयीचे, कारण क्रमांक आणि तारीख फोनच्या नोंदीतूनच घेतली जाते. मात्र त्यासाठी ते फोन आणि संदेश पाहण्याची परवानगी मागते, आणि घरातली वडीलधारी मंडळी तिथेच थबकतात. त्यांचा संशय मला अगदीच अनाठायी वाटत नाही.

आमच्या मोबाइल कंपनीचा अनुभव मात्र फिका आहे. ‘तपशील अपुरा’ असे कळवून तक्रार बंद करण्याकडे तिचा कल दिसतो, आणि फोन करणाऱ्याने काय विकायला काढले होते हे एका वाक्यात स्पष्ट लिहिले, तरच ती पुढे सरकते. फसवणुकीच्या फोनासाठी १९०९ वापरू नये. त्याची माहिती ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या तक्रार-सोयीत द्यावी, आणि पैसे गेले असतील तर थेट सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक लावावा.

क्रमांक बंद झाला तरी प्लॉटवाला दुसरे सिम घेऊन परततो, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर ट्रायच्या ऑगस्ट २०२४ च्या निर्देशात उपाय आहे: नियम मोडून जाहिरातीचे फोन करणाऱ्या बिगरनोंदणीकृत विक्रेत्याच्या सर्व जोडण्या तोडून त्याला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकता येते, आणि इतर मोबाइल कंपन्यांनाही तेच करावे लागते. हे एका सिमपुरते राहू नये, यासाठी तक्रारीत क्रमांकाबरोबर प्रकल्पाचे आणि बिल्डरचे नावही लिहावे. ते नाव फोनवरची मुलगी पहिल्याच मिनिटात आपण होऊन सांगते.