वायपर लिंकेजचे बुश किट : घ्यावे, पण आधी पिव्हट फिरवून पाहावा

थंडीत बंद पडलेल्या वायपरसाठी प्लॅस्टिकच्या बुशांचे, म्हणजे मोटरची हालचाल वायपरपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या (लिंकेजच्या) सांध्यांत बसणाऱ्या वाट्यांचे, जे छोटे किट मिळते, ते एकाच दुखण्यावर चालते. स्विच दाबल्यावर मोटरचा आवाज येतो, पण वायपर हलत नाही किंवा दोनांपैकी एकच हलतो, तेव्हाच ते कामाचे. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज पाहा. गोठलेल्या काचेवर जोर लावून मोटर तापली असेल, तर काही मोटरींमधला संरक्षक कटआउटही ती बंद पाडतो आणि थंड झाल्यावर ती आपोआप सुरू होते. दोन्ही बाबतींत किटचा उपयोग शून्य.

मोटरचा आवाज येत असेल तर काउलची (काचेखालच्या आच्छादनाची) जाळी काढण्याआधी वायपरच्या आर्मच्या मुळाशी असलेले टोपण उचला आणि वायपर चालू करून आर्म ज्यावर बसतो त्या शाफ्टकडे बघा. शाफ्ट फिरतोय आणि आर्म जागेवरच, म्हणजे नट ढिला आहे किंवा आर्मच्या आतल्या खाचा झिजल्या आहेत. शाफ्टही थांबलेला असेल तर बहुधा दांडीचे सॉकेट, म्हणजे बुश, सांध्यातल्या गोल बॉलवरून निसटले आहे. बहुतेक गाड्यांत मोटरच्या क्रँकवरून (मोटरवर फिरणाऱ्या छोट्या हातावरून) एका पिव्हटला, म्हणजे आर्मचा शाफ्ट जिथे फिरतो त्या सांध्याला, आणि तिथून दुसऱ्याला दांडी जाते. त्यामुळे दोन्ही वायपर मेले असतील तर क्रँककडचा बुश आणि एकच मेला असेल तर त्या बाजूचा बुश तपासा.

किट दोन प्रकारचे येते. पहिल्यात जुना बुश पूर्ण काढून दांडीच्या भोकात नवा बसवायचा असतो, दुसऱ्यात जुन्या सॉकेटवरच क्लिप चढवायची असते. दुसरा प्रकार गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता ठीक. खरेदीपूर्वी बॉलचा व्यास व्हर्नियरने मोजा, कारण ‘सर्व गाड्यांना चालते’ या छापील आश्वासनाला फारसा अर्थ नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही पुरतो: बुश बसत नाही, नाहीतर बसूनही खुळखुळतो. दोन दिशांनी मोजल्यावर बॉल लंबगोल निघाला तर किट विसरा आणि पूर्ण लिंकेज बदला.

बसवताना वायपर पार्क स्थितीत (बंद केल्यावर थांबतो त्या जागी) आणून काचेवर चिकटपट्टीने आर्मची जागा खूण करून ठेवा. मग किल्ली काढून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. लिंकेजमध्ये बोट असताना मोटर फिरली तर बोट चिरडते. आर्म निघत नसेल तर नट दोन-तीन आटे ढिला करून आर्म हळूच डोलवा. तरीही हलला नाही तर छोटा पुलर लावा; काचेवर टेकवून स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. काउलच्या क्लिपा थंडीत ठिसूळ होतात, तेव्हा हे काम गाडी थोडी गरम झाल्यावर केलेले बरे. नवा बुश काही मिनिटे गरम पाण्यात ठेवला की लवचिक होतो. बॉलवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, वाटाण्याएवढे सिलिकॉन ग्रीस भरा आणि पंप पकडीने (जबडा सरकवता येणाऱ्या पकडीने) बुश बॉलवर दाबून बसवा. हातोडीने दांडी वाकते.

आता मुख्य मुद्दा, ज्याबद्दल किटमधल्या कागदावर सहसा अवाक्षर नसते. दांड्या मोकळ्या असतानाच प्रत्येक पिव्हट हाताने फिरवून बघा. तो दोन बोटांनी सहज फिरायला हवा. ॲल्युमिनियमच्या घरात बसलेल्या पोलादी शाफ्टवर पाणी आणि रस्त्यावरचे मीठ पोहोचले की गंज धरतो, जुने ग्रीस थंडीत घट्ट होते आणि सगळा भार सर्वांत कमकुवत भागावर, म्हणजे बुशवर येतो. अशा पिव्हटवर नवा बुश बसवला तर तोही निसटणारच. सर्क्लिप (शाफ्टच्या खाचेतली स्प्रिंगची कडी) काढा, वॉशर आणि ओ-रिंगचा (रबरी कडीचा) क्रम लक्षात ठेवा, शाफ्ट बाहेर काढून साफ करा आणि नवे ग्रीस लावा. वरून गंज सोडवणारे तेल मारले तर चार दिवस बरे वाटते, पण उरलेसुरले ग्रीसही धुऊन जाते.

आर्म चढवण्याआधी बॅटरी जोडून मोटर एकदा रिकामी चालवा आणि स्विचनेच बंद करा, म्हणजे ती पार्कवर येऊन थांबते. मगच खुणेप्रमाणे आर्म लावा, नाहीतर पाते काचेच्या कडेवर आपटते.

बुश टिकवायचा असेल तर इंजिन बंद करण्याआधी वायपरचा स्विच बंद करण्याची सवय हवी, पाऊस ओळखून वायपर आपोआप चालवणारा सेन्सर असलेल्या गाडीत तर नक्कीच. स्विच चालूच राहिला तर सकाळी किल्ली फिरवताच मोटर बर्फात चिकटलेले पाते ओढू लागते. काचेच्या तळाशी बर्फ साचून पाते पार्कपर्यंत पोहोचू शकत नसेल, तर स्विच बंद केल्यावरही मोटरला वीज मिळत राहते. अशा वेळी गाडी थांबवून इग्निशन बंद करा आणि बर्फ हाताने काढा. त्यावर उकळते पाणी ओतू नका, काच तडकू शकते.